टेबल डुगडुगायचं थांबलं

४ नोव्हेंबर, सोमवार

या रोजनिशीचा आरंभ एका गंभीर तक्रारीने करणं भाग आहे. माझ्या खोलीतलं टेबल डुगडुगतं. चार पायांपैकी तीन जमिनीवर श्रद्धा ठेवून उभे आहेत, चौथा नास्तिक आहे. डावं कोपर टेकवलं की टेबल डावीकडे झुकतं, उजवं टेकवलं की उजवीकडे, आणि दोन्ही टेकवली की कोणाची बाजू घ्यावी या विवंचनेत थरथरत राहतं. विश्वातल्या पदार्थाचं सगळ्यांत स्थिर रूप शोधून काढायला जी संस्था कंबर कसून बसली आहे, तिला पाहुण्याला एक स्थिर टेबल देता येऊ नये, ही गोष्ट मी नम्रपणे पण ठासून नोंदवून ठेवतो. कागदाची घडी पायाखाली सरकवून पाहिली. घडी निसटली. टेबल जिंकलं.

बाकी सगळं झकास आहे. खोली ऐसपैस, गादी मऊ, खिडकी पूर्वेला. खिडकीतून जुन्या मिठाच्या खाणीचा लोखंडी मनोरा दिसतो. प्रयोगशाळा त्याच्या खाली, खूप खाली, मीठ उपसून झालेल्या पोकळीत आहे. वरची माती आणि खडक आकाशातला कचरा गाळून घेतात म्हणे, म्हणून यांना शांतता हवी तर पाताळात जावं लागतं. मी आलोय ते इथे भेट द्यायला येणाऱ्या साध्या माणसांसाठी एक पुस्तिका लिहायला. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं आणि रविवारच्या वर्तमानपत्रात वाचकांना पत्रं लिहिली, एवढ्या भांडवलावर मला भौतिकशास्त्राच्या दारात उभं केलं ते माझ्या धाकट्या बहिणीने. तिने वरिष्ठांना सांगितलं की जे आमच्या दादाला समजेल ते कुणालाही समजेल. याला शिफारस म्हणतात.

हिला घरी सगळे भिंगरी म्हणतात. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा हिच्या वेण्या, हिची दप्तरं आणि हिची गणितं माझ्याकडे आली. गणितं तिने लवकरच परत घेतली. आता चाळिशी ओलांडली तरी एका जागी बसणं नाही. बसली तरी गुडघा हलतोय, तोंडाने बेसूर गुणगुणणं चालू, आणि जाईल तिथे अर्धवट प्यायलेला चहाचा कप मागे. संध्याकाळी मला उतरवून घ्यायला आली तेव्हा रस्ता ओलांडताना सवयीने मी तिचा हात धरला. तर म्हणते, दादा, मला आता पेन्शनची चौकशी करायचे दिवस आले, अजून किती वर्षं रस्ता ओलांडून देणार आहेस? मी म्हटलं, तू उजवीकडे बघायला शिकेपर्यंत.

६ नोव्हेंबर, बुधवार

आज पाताळदर्शन झालं. खाली नेणाऱ्या लिफ्टला इथे पिंजरा म्हणतात आणि ती चालवणाऱ्या गृहस्थाला पिंजरेवाला. पिंजऱ्याची जमीन म्हणजे मोठा वजनकाटा आहे. जाताना वजन, येताना वजन. खालून कुणी काही चिकटवून आणू नये आणि वरून काही नेऊ नये म्हणून हा बंदोबस्त. काट्याची लाल सुई भिंतीवर सगळ्यांना दिसेल अशी लावली आहे, आणि तिच्यात काही कमतरता राहू नये म्हणून पिंजरेवाला आकडा मोठ्याने वाचतो. माझा वाचून झाल्यावर त्याने शांतपणे विचारलं, शास्त्रीबुवा, दोघं आलात का? त्या क्षणापासून मी सगळ्यांचा शास्त्रीबुवा झालो.

खाली मिठाच्या भिंती, दिव्यात करड्या चमकणाऱ्या. मधोमध एक विहिरीएवढं कुंड, वर जाड झाकण, आत काचेसारखा स्वच्छ द्रव. कुंडाच्या भिंतींना आतून काचेचे शेकडो डोळे लावले आहेत. द्रवातून काही विलक्षण गेलं तर प्रकाशाची रेघ उमटेल आणि हे डोळे ती टिपतील. गेली कित्येक वर्षं ते न मिटता बघताहेत. अजून काही दिसलेलं नाही. नवसाला न पावणाऱ्या दैवतापुढे इतका चिकाटीने बसलेला भक्तसमुदाय मी पाहिला नव्हता.

भिंगरीने समजावलं ते इथे उतरवून ठेवतो, पुस्तिकेला उपयोगी पडेल. अणूच्या गाभ्यात क्वार्क नावाचे कण असतात. आपल्या जगाला त्यांतले दोनच प्रकार पुरतात. एकाचं नाव 'वर', दुसऱ्याचं 'खाली'. तिसरा एक आहे, त्याचं नाव 'विचित्र'. (या बारशाला कोणी वडीलधारं हजर नव्हतं, हे उघड आहे.) हा विचित्र जन्मतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मोडून जातो. पण मेलेल्या ताऱ्यांच्या पोटात, जिथे सगळं चेपून चेपून एक झालेलं असतं, तिथे तिन्ही प्रकार मिसळून एक नवं द्रव्य बनत असावं, असा काही जणांचा कयास आहे. आणि ते द्रव्य आपल्या द्रव्यापेक्षा जास्त स्थिर असू शकतं. तसं असेल तर आपण सगळे, म्हणजे हे टेबल, माझे दात, तिचा चहा, केवळ अजून तिथे पोचलो नाही म्हणून असे आहोत. त्या द्रव्याचा एखादा कण आपल्याला लागला तर आपलं द्रव्यही त्याच्यासारखं होईल. वजन तेवढंच राहील, आकार आक्रसत जाईल, आणि होता होता ऊब बाहेर पडेल.

मी म्हटलं, म्हणजे वर्गात एक शांत मुलगा आला आणि बघता बघता सगळा वर्ग हाताची घडी घालून बसला, तसं. ती हसली. मी म्हटलं, पण हे तर प्रत्येक मास्तरचं स्वप्न! त्यावर म्हणाली, दादा, वर्ग शांत होत नाही, वर्ग उरत नाही.

घाबरण्यासारखं नाही असंही तिने सांगितलं. अशा कणावर धन विद्युतभार असणार, आणि तो आपल्या अणूंना दूरच ढकलेल. ऋण असला तर, असं मी विचारलं. ती गुडघा हलवत म्हणाली, तर तुझी पुस्तिका छापायचा खर्च वाचेल.

९ नोव्हेंबर, शनिवार

मला इथे मानाचं पद मिळालं आहे. मी चिठ्ठी उचलणारा आहे.

प्रकार असा. वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या माणसाला हवं ते दिसू लागतं, हे या मंडळींना चांगलं ठाऊक आहे. म्हणून त्यांनी स्वतःलाच फसवायची सोय करून ठेवली आहे. दर हंगामाला एका बाहेरच्या माणसाकडून डब्यातली चिठ्ठी उचलून घेतात. चिठ्ठीवर फुली असली तर त्याने गुपचूप एक किल्ली फिरवायची. मग कुंडात बसवलेले बारीक दिवे कधीतरी आपोआप लागतात आणि खोटी रेघ उमटते. चिठ्ठी कोरी असली तर काही करायचं नाही. रेघ दिसली की ती खरी समजून सगळ्यांनी मोजमाप करायचं, भांडायचं, निबंध लिहायचा, आणि तीस तारखेला सगळ्यांसमक्ष चिठ्ठी उघडायची. तोवर चिठ्ठीवाल्याने हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, आणि संचालकबाईंनी बजावलं त्याप्रमाणे, चेहऱ्यावरूनही काही कळू द्यायचं नाही. पंचवीस वर्षं कॉपी करणाऱ्या मुलांचे चेहरे वाचले आहेत, म्हटलं, आपला एक सांभाळता येईल.

बाईंच्या खोलीत पाठ करून चिठ्ठी उचलली. कोरी. घडी घालून कुलपाच्या डब्यात टाकली. जरा हिरमोडच झाला. आयुष्यभर कोऱ्या उत्तरपत्रिका तपासल्या, आता माझ्याही हातात कोरीच यावी!

१३ नोव्हेंबर, बुधवार

रेघ उमटली.

दुपारी, जेवणं उरकून लोक सुस्तावलेले असताना. खाली एकच गलका. मी पिंजऱ्यातून उतरलो तेव्हा सगळे पडद्यासमोर जमले होते आणि पडद्यावर एक निळसर रेघ होती, वरून तिरपी आत येणारी, कोणी पट्टी ठेवून ओढावी अशी सरळ. मापं बघणारा चष्मेवाला तर आनंदाने खुर्चीवर चढला होता.

आणि मग एकेक करून सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

इथे मला लिहायला हवं ते लिहितो. मी दगडी चेहरा ठेवायला हवा होता. पण इतक्या विद्वानांनी एकदम आपल्याकडे बघण्याचे प्रसंग संस्कृतच्या मास्तरावर फार येत नाहीत. मी छताकडे बघितलं आणि मिशीवरून हात फिरवला. एवढंच. खो खो हसले सगळे. भिंगरीने दंडाला चिमटा काढला आणि कानात म्हणाली, वाटलंच, लबाडा. मी काही बोललो नाही. नियमच आहे तसा.

दिव्यांत काहीतरी बिघाड झाला असेल, असं तेव्हा वाटलं. अजूनही वाटतंय.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

ती रेघ आत आली, पण बाहेर गेली नाही. जे काही होतं ते तळाशी थांबलं, आणि तिथे एक बारीक ठिपका सारखा उजळलेला आहे. चष्मेवाला भेटेल तिथे म्हणतो, शास्त्रीबुवा, तुमचा दिवा विझत नाही, वीजबिल कोण भरणार?

किल्ली मी फिरवलेलीच नाही. माझा दिवा नाहीच.

आज नियम बाजूला ठेवून संचालकबाईंकडे गेलो. तोंड उघडायच्या आत त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली. अक्षरशः. बाई वयाने माझ्याएवढ्या, केस पिकलेले, आणि समोर कानांत बोटं घालून बसलेल्या. मग म्हणाल्या, मागच्या हंगामाचे गृहस्थ असेच घाबरेघुबरे होऊन आले होते, शपथेवर सांगत होते की मी काही केलं नाही, आणि डबा उघडला तर चिठ्ठीवर ही मोठी फुली. तुम्ही त्यांच्यापेक्षा छान करताय. तीसला भेटू.

जिन्यावरून उतरताना माझ्या लक्षात आलं की या व्यवस्थेत खरं बोलायची जागाच ठेवलेली नाही. हो म्हटलं तर खोटा, नाही म्हटलं तर मुरलेला खोटा.

१८ नोव्हेंबर, सोमवार

संध्याकाळी भिंगरी दार न वाजवता आत आली, नेहमीसारखी, आणि एक स्टीलचं भांडं माझ्या टेबलावर आपटून म्हणाली, घे तुझा दिवा.

अडकलेला दिवा काढायचा म्हणून आज कुंडाचं झाकण उघडलं म्हणे. लांब दांडीच्या पळीने तळाचा द्रव उपसला, ठिपका पळीत आला, पळीतून भांड्यात. मी विचारलं, असं उघडायची परवानगी असते का? तर सहज म्हणाली, खरं असतं तर वर्षभर कोणी झाकणाला हात लावला नसता, लांबूनच तपासत बसलो असतो. पण दिवा बदलायला कसली परवानगी?

भांड्यात दोन बोटं द्रव होता. दिसण्यासारखं काही नाही. भांडं मात्र कोमट होतं. तिच्या बोटांना ओल लागली होती, ती तिने पांढऱ्या डगल्याला पुसली.

मी तिला खरं सांगितलं. म्हटलं, भिंगरी, चिठ्ठी कोरी होती. मी काही लावलेलं नाही. ती इतकी हसली की टेबल डुगडुगलं. म्हणाली, अस्साच चेहरा ठेव तीस तारखेपर्यंत, पैजा लागल्या आहेत. माझा अर्धा चहा पिऊन, अर्धा ठेवून, गुणगुणत गेली.

कप अजून इथेच आहे. आणि भांडंही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

भांडं लहान झालं आहे.

आधी वाटलं चष्मा बदलायला हवा. काल ते पाणी प्यायच्या लोट्याएवढं होतं. आज सकाळी वाटीएवढं, दुपारी अंडं ठेवायच्या छोट्या पेल्याएवढं. घडण तीच, कडेचा पोचासुद्धा तोच, फक्त सगळं आक्रसलेलं. हात लावला नाही. लाकडी पट्टीने ढकलून बघितलं. जागचं हललं नाही, आणि पट्टीचं टोक ऊन लागलं म्हणून पट्टी खिडकीतून फेकून दिली. भांड्याखालचं लाकूड गुळगुळीत, काळसर झालं आहे.

तिला फोन केला. भांडं बघून जा म्हटलं. ती म्हणाली, बघते. बघते म्हणून ती दहा प्रश्न विचारत नाही असं आजवर झालेलं नाही.

ही नोंद खिडकीच्या कठड्यावर वही ठेवून लिहितो आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

उपाहारगृहात आज ती समोर बसली होती. गुडघा हलत नव्हता.

मी टेबलाखाली वाकून बघितलं. चमचा पडल्याचं निमित्त केलं. पाय जमिनीवर सरळ, शेजारी शेजारी, वर्गात बसवल्यासारखे. गुणगुणणं नाही. चहा तिने सगळा संपवला, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि कप बशीत बरोबर मधोमध ठेवला. डगल्याच्या बाह्या हातांवर लोंबत होत्या. बारीक झालीस, म्हटलं. हो, म्हणाली. इतकंच.

पिंजऱ्यात तिचं वजन झालं. सुई तिच्या नेहमीच्या आकड्यावर. पिंजरेवाल्याने काटा अडकलाय म्हणत दोन लाथा घातल्या, तेल सोडलं, परत बघितलं. तोच आकडा. ती बाहेर पडली तेव्हा लाकडी पायरीवर तिच्या टाचेची खूण उमटली, चिखलात उमटावी तशी.

चष्मेवालाही शांत झाला आहे. सोमवारी त्यानेच तिच्या हातून पळी घेतली होती. तो आणि पिंजरेवाला रोज उपाहारगृहातली खिडकी उघडी की बंद यावरून हमरीतुमरीवर यायचे. आज पिंजरेवाल्याने खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली, आणि चष्मेवाला त्याच्याकडे प्रसन्नपणे बघत राहिला. पिंजरेवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं, शास्त्रीबुवा, याला काय झालंय हो, भांडायला माणूस उरला नाही!

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज डबा फोडला.

दुपारच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. कुलूप तोडलं, चिठ्ठी काढून वर धरली. कोरी आहे, बघा, कोरी आहे, मी काही केलेलं नाही, ते खरं आहे, ते इथे आहे. आवाज चिरकला माझा.

अर्धे हसले. चिठ्ठी बदललीत, छान, अशी दादही एकाने दिली. संचालकबाई मात्र संतापल्या, हंगाम वाया घालवलात म्हणाल्या.

आणि अर्धे हसले नाहीत. ते घाबरलेही नाहीत. हात मांडीवर ठेवून, मान किंचित हलवून, एखादा मुलगा पाठ आलेली कविता पुन्हा म्हणतोय तसे ऐकत राहिले. सगळ्यांचे कपडे ढगळ. त्या अर्ध्यांत माझी बहीण होती. नंतर जवळ आली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, माहीत आहे दादा. कोरीच असणार. पण आता त्याने काय फरक पडतो?

तिच्या तोंडी 'काय फरक पडतो'. दशांशचिन्हानंतरच्या पाचव्या आकड्यावरून जिने माझ्याशी अबोला धरला होता, ती.

२५ नोव्हेंबर, सोमवार

तिला घेऊन जायचं ठरवलं. मोठ्या गावात, मोठ्या डॉक्टरांकडे, कुठेही. सकाळी म्हटलं, चल. ती चल म्हणाली. वाद नाही.

रस्त्यापलीकडे बसचा थांबा. उन्हात उभे राहिलो. ती खांबाला धरून उभी होती. जरा वेळाने तिने हात काढला आणि बघितलं. मीही बघितलं. तिने धरलं होतं तिथे लोखंडी खांब बारीक झाला होता, कमरेसारखा, आणि त्याच्या आसपासची हवा तापल्यासारखी थरथरत होती.

बस आली, दार उघडलं. आणि तिचा गुडघा हलायला लागला. शपथ. ती पूर्वीसारखी भराभरा बोलली, शब्दांवर शब्द पडत. दादा, मी हिच्या दांडीला हात लावला तर ही बस जाईल तिथे प्रत्येक जण — त्यांची पोरं — नाही, मी नाही येत. तू जा. तू आत्ता जा, आणि मला हात लावू नकोस, काही झालं तरी लावू नकोस, समजलं? डोळ्यांत पाणी होतं. चालक ओरडला, बसताय का नुसते गप्पा मारताय? मी मागे सरलो. बस गेली.

पायांखालच्या जमिनीचं काय, हा प्रश्न मी तिला विचारला नाही.

ती परत फिरली. रस्ता ओलांडायला निघाली. गुडघा पुन्हा शांत झाला होता. उजवीकडून ट्रक येत होता आणि ती बघत नव्हती. आयुष्यात कधी बघितलंच नाही तिने उजवीकडे.

माझा हात आपोआप पुढे गेला.

तिचा हात ऊन होता, नुकत्या भरलेल्या कपासारखा. आणि लहान. माझ्या मुठीत पुरता मावला. पहिलीत शाळेला सोडायला जायचो तेव्हा मावायचा तसा.

२६ नोव्हेंबर

कोणाला सांगितलं नाही. सांगून कोण ऐकणार, आणि ऐकणारे पुष्कळसे —

बोटातली अंगठी गळून पडली. दुखत काही नाही. ऊब आहे. वाईट वाटत नाही, हेच —

शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

२७ नोव्हेंबर

पिंजऱ्यात उभा राहिलो. सुई माझ्या आकड्यावर. तोच. पिंजरेवाला आकडा वाचत नाही आता. दार लावतो, उघडतो. हसतो. खिडकी बंद की उघडी, त्याला चालतं.

भिंगरीला चिडवून बघितलं. तिसरीत तू गॅदरिंगमध्ये झाड झाली होतीस आणि झाडाला शिंक आली होती, म्हटलं. या वाक्यावर ती गेली पस्तीस वर्षं माझ्या अंगावर धावून येते. म्हणाली, हो, आठवतं. माझ्याकडे बघत राहिली. प्रेमाने. पण तसंच ती भिंतीकडेही —

मला राग यायला हवा. भीती वाटायला हवी. बसून आठवतो, कशी वाटायची ते. परवापर्यंत येत होती.

२८ नोव्हेंबर

ती दार वाजवून येते आता. वाजवते आणि थांबते. मी उघडेपर्यंत तशीच उभी.

दोघं टेबलाशी बसतो. टेबल बुटकं झालंय, आम्हीही. चारही पाय फरशीत रुतलेत. भांडं टेबलात उतरून दिसेनासं झालं. कठड्यावर लिहायचं कारण उरलं नाही.

चहा गार होत नाही. कितीही वेळ ठेवा. ती सगळा पिते.

बाहेर झाडावर पक्षी होते. आहेत. एका ओळीत —

२९ नोव्हेंबर

उद्या तीस. चिठ्ठी. कोणी विचारणार नाही.

टेबलाबद्दलची तक्रार मागे घेतो. दोन्ही कोपरं टेकवली आहेत. हलत नाही. इतकं स्थिर टेबल मला कधी —

मी मिशीला हात लावला नसता तर.

लवकर लिहायला हवं. साधं लिहितो. जगाचं काय होईल याची मला काळजी नाही. मरणाचीही नाही. एकच काळजी होती, भिंगरीची. आई गेली त्या दिवशी उचलली, ती कधी खाली ठेवली नाही. रागात नाही, तापात नाही. मी कोण आहे विचारलं तर ती काळजी म्हणजेच मी.

सकाळी उठलो तेव्हा होती. दुपारी शोधावी लागली.

मला भीती वाटते ती एवढीच, की ती काळजी संपेल. भिंगरी समोर बसली आहे. किती लहान झाली आहे. मी तिच्याकडे बघतोय आणि मला काही